द्वारकाताईची नाडी

परकराच्या नाडीला हात घातला की मला द्वारकाताई आठवतात. आणि नाडीला हात तर बाईमाणसाला रोजच घालावा लागतो, त्यामुळं विसरायची काही सोयच त्यांनी ठेवली नाही. आठवणीत राहायला कुणी अशी जागा निवडतं का? पण त्या बाईचं सगळंच तसलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण. माहेर केदारखेड्याचं, सासर जालन्याचं आणि नोकरी फिरत फिरत तीर्थपुरीला आलेली. भाड्याच्या माझ्या घरासमोरच द्वारकाताईंचं घर. ओसरीवर शिलाई मशिन, मशिनच्या मागं खुंटीला टांगलेले ब्लाउज आणि मधे त्या. हाडापेरानं थोराड, आवाज खणखणीत, तोंडात कायम चार-पाच टाचण्या. घरी मोसंबीची बाग होती, नवरा भानुदासदादा दिवसभर त्या झाडांत, मुलगा ट्रॅक्टरवर. शिवणकाम हा त्यांचा धंदा कमी आणि दरबार जास्त होता. त्या बोलायच्याही टाचण्या तोंडात धरूनच. पहिल्या पहिल्यांदा माझा जीव वरखाली व्हायचा. एखादी गिळली म्हणजे काय घ्या! नंतर कळलं की टाचण्या तोंडात आहेत तोवर बाईची गंमत चाललीय. त्या एकेक काढून स्वतःच्या ब्लाउजच्या खांद्यावर टोचायला लागल्या, की समोरच्या बाईनं नीट बसून घ्यायचं.

माझ्यासाठी त्यांनी टाचण्या पहिल्यांदा काढल्या त्या परकरावरून. मला एकोणपन्नासावं सरत आलेलं. पाळी जाऊन आठ-नऊ महिने झालेले. हात-पाय होते तसे, पण पोट मात्र मला न विचारता पुढं निघालं होतं. मी दोन परकर घेऊन गेले आणि म्हटलं, "ताई, यांच्या नाड्या तोकड्या निघाल्यात. जरा मोठ्या घालून द्या."

त्यांनी परकर हातात घेतला, नेफ्यातून नाडी ओढून बघितली आणि टाचण्या काढायला सुरुवात केली.

"मॅडम, पाळी गेली का?"

मी इकडंतिकडं बघितलं. "हो."

"मंग नाडी काहून तोकडी पडल? नाडी हाय तेवढीच हाय. पाळी गेली म्हणून बाई खुश होती, अन् तिच्या जागंवर ही सवत येती." त्यांनी माझ्या पोटाकडं बोट केलं. "अन् बराबर मधी बसती. लाजायचं काय त्यात? माझ्या बी घरी आल्ती."

मग त्यांनी मला आत नेऊन उभं केलं. त्यांची रीत अशी. परकराची नाडी मागच्या बाजूला नेफ्यात दोन टाके घालून पक्की करायची, म्हणजे ती सरकत नाही. मग बेंबीवरून नाडी घट्ट नाही, ढिली नाही अशी ओढायची आणि नेफ्याच्या तोंडाशी जिथं ती बाहेर येते तिथं एक बारीक गाठ मारायची. झालं. महिन्याभरानं त्याच परकराची नाडी तशीच ओढून बघायची. पोट उतरलं तर गाठ नेफ्याच्या बाहेर येते. वाढलं तर गाठ आत जाते.

"टेप बघून बाया माझ्याशी भांडतात," त्या म्हणाल्या. "म्हणतात, तुझा टेपच खोटा. नाडीशी कोण भांडंल? डॉक्टर हाताची नाडी बघतो, मी परकराची बघते."

अशी मी त्यांच्या मंडळात गेले. मंडळ म्हणजे गल्लीतल्या नि आसपासच्या चौदाजणी, सगळ्या पंचेचाळीस ते पंचावन्नच्या घरातल्या. महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी दुपारी ओसरीवर जमायचं आणि एकेकीनं पदराआडून गाठ दाखवायची. "माझी दोन बोटं भायर!" असं एखादी म्हणाली की बाकीच्या टाळ्या वाजवायच्या. "आत गेली का गं?" असं विचारलं की ती बाई तोंड लपवायची. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, या बाया कसली जादूटोण्याची भाषा बोलून राहिल्यात.

द्वारकाताईंचे नियम फार नव्हते, पण त्यात सूट नव्हती. सकाळी मोसंबीच्या बागेपर्यंत चालत जायचं आणि यायचं, पाय फरफटत नाही, झपझप. दळणाचा डबा गाडीवर पाठवायचा नाही, आपल्या हातानं न्यायचा. जमिनीवरून उठताना हात टेकायचा नाही, आणि दिवसातून वीस वेळा बसून वीस वेळा उठायचं. ताटात मटकी, हरभरा, डाळ, ज्यांच्या घरी चालतं त्यांनी अंडं, हे भाकरीच्या आधी. साखरेचा चहा दोनदाच. आणि झोप. झोपेवरून त्या नवऱ्यांशीसुद्धा भांडायच्या. शेवंताच्या मालकाला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "भावजी, तुमची टीव्ही दहाला बंद. तिच्या अंगातून वाफा निघून राह्यल्या, तिला झोप लागत न्हाई. झोप न्हाई झाली तर पोट बी हलत न्हाई. पुढच्या बाजाराला तिची गाठ आत गेली तर मी तुमाला विचारीन." बिचारा हो म्हणून निघून गेला.

ही शेवंता म्हणजे मंडळातलं सगळ्यात हट्टी गिऱ्हाईक. तिनं कुठं तरी मोबाइलवर बघून सकाळ-संध्याकाळ नुसतं लिंबूपाणी सुरू केलं, वर सोमवार, गुरुवार, एकादशी. उपासाला साबुदाणा नि तळलेल्या पापड्या, ते काही उपासात मोजायचं नाही म्हणे. महिन्यानं ती आली ती तोऱ्यातच. वजन उतरलं होतं. द्वारकाताईंनी तिची नाडी ओढली तर गाठ होती तिथंच. मग त्यांनी तिचा दंड धरला आणि ब्लाउजच्या बाहीत आपली दोन बोटं घातली. बोटं आरामात फिरली.

"बघा गं," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "हिनं पोट सोडून हात खाल्ले. उपाशी राह्यलं की आधी हात-पाय जातात, मांस जातं. ही सवत लै चिवट हाय, ती शेवटी उठती. तिला भुकेनं न्हाई मारायचं, कामाला लावायचं." शेवंता रडायला लागली. द्वारकाताईंनी तिला आतून गूळ-शेंगदाणे आणून दिले आणि रडता रडता खायला लावले.

आता ती गोष्ट सांगते, जी मला सांगायलाच हवी. हौसा नावाची एक विधवा बाई होती, शेताला मजुरीनं जाणारी. तिची गाठ तीन महिने लागोपाठ आत जात होती. आम्ही तिला चिडवायचो, चोरून काय खातेस म्हणून. त्या दिवशी द्वारकाताईंनी टाचण्या काढल्या. हौसाला भिंतीशी उभं केलं, पोटाच्या कातड्याला अंगठा नि बोट लावलं आणि चिमटीत धरायला बघितलं. मग तिच्या बाहीत बोटं घातली.

"चरबी चिमटीत येती," त्या सावकाश म्हणाल्या. "हे येईना. कडक लागून राह्यलं. अन् बाही ढिली झाली. नाडी आखूड अन् बाही ढिली, असं दोन्ही एकदम झालं की घरी बसायचं न्हाई. ही सवत न्हाई, ही दुसरीच कोणी तरी हाय. हौसे, उद्या जालन्याला."

हौसा नको नको म्हणत होती. द्वारकाताईंनी तिला दुसऱ्या दिवशी हाताला धरून एसटीत बसवलं आणि स्वतः सोबत गेल्या. हौसाच्या गर्भपिशवीत मोठी गाठ निघाली. साधीच होती, ऑपरेशन झालं आणि हौसा आज कापूस वेचते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं म्हणे, वेळेवर कुणी पाठवलं तुम्हाला? तर हौसा म्हणाली, शिलाईवालीनं.

ही गोष्ट मी वर्गात पोरींना चारदा सांगितली असेल. इथं सांगायचं कारण वेगळं आहे. द्वारकाताईंना माहीत होतं. चिमटी माहीत होती, बाही माहीत होती, दोन्ही एकदम झालं की काय करायचं हेही माहीत होतं. हे लक्षात ठेवा, कारण मी ते विसरू शकत नाही.

त्या वर्षी त्यांच्या सुनेला, सविताला, दुसऱ्यांदा दिवस होते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं सासरी करायचं ठरलं. द्वारकाताईंनी श्रावणापासूनच जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली होती. पोळ्याच्या आसपास मला पहिल्यांदा वाटलं की ताईंचा पदर बदललाय. पूर्वी त्या पदर खांद्यावरून मागं टाकून कमरेला खोचायच्या, कामाची बाई. आता तो पुढून पोटावर लपेटून घ्यायला लागल्या. शेजारची एक म्हातारी हसत म्हणाली, "काय गं द्वारके, सुनेचं नि तुझं बराबरच वाढून राह्यलं का?" ओसरी हसली. मीही हसले. द्वारकाताई टाचण्या तोंडात धरून मशिन चालवत राहिल्या, आणि चाकाचा वेग काही कमी झाला नाही.

दसरा झाला आणि पुढच्या बाजाराला आम्ही जमलो. माझी गाठ त्या दिवशी तीन बोटं बाहेर होती, तेव्हा मी जरा चढलेलीच होते. माझी ही मेली जीभ! मास्तरकीत आयुष्य गेलं, दुसऱ्याला चारचौघांत उभं करून विचारायची सवय जात नाही. मी म्हटलं, "ताई, साऱ्या दुनियेच्या नाड्या बघता. आज तुमची दाखवा की. का गुरूचीच गाठ आत गेली?"

टाळ्या वाजल्या. "दाखवा, दाखवा," सगळ्या ओरडल्या.

द्वारकाताईंनी माझ्याकडं बघितलं. मग टाचण्या काढायला लागल्या. एक, दोन, तीन, चार, खांद्यावर टोचल्या. मला वाटलं आता काही तरी सांगतील. ओठ उघडलेसुद्धा होते त्यांनी. पण त्या म्हणाल्या, "थांबा, परकर बदलून येते. हा मळका हाय," आणि आत गेल्या. बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा पदराआडून नाडीचं टोक धरून त्यांनी दाखवलं. गाठ दोन बोटं बाहेर. बायकांनी गलका केला, शेवंतानं तर शिट्टी मारली.

नाडी पांढरीशुभ्र होती. आमच्या सगळ्यांच्या नाड्या धुऊन धुऊन राखाडी झालेल्या, आणि ही कोरी करकरीत. गाठीच्या कडासुद्धा बसलेल्या नव्हत्या. दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेला गृहपाठ मी लांबून ओळखते, ही तर माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी ओळखलं आणि गप्प बसले. चारचौघींत त्यांचा पाणउतारा नको, असं मी तेव्हा मनाला समजावलं. एकटीत विचारू म्हटलं. मग परीक्षा आल्या, दिवाळी आली, मी जालन्याला गेले, आले. एकटीत विचारायला समोरच्या ओसरीपर्यंत जायचं होतं फक्त, आणि मी गेले नाही. याचा मला अजून राग येतो.

दिवाळीनंतर दुपारच्या वेळी मशिनचा आवाज यायचा तो मला आवडेनासा झाला. एरवी त्यांची शिलाई लांब चालायची, घरघर सुरू झाली की चांगला वेळ थांबायची नाही. आता तुटक तुटक यायची. वीतभर शिलाई आणि बंद. पुन्हा वीतभर आणि बंद. गिऱ्हाईक तर दिसत नव्हतं. मी एकदा खिडकीतून बघितलं. त्या एक ब्लाउज उलटा करून बाहीला आतून शिलाई घालत होत्या, आणि तो ब्लाउज त्यांचाच होता, विटकरी रंगाचा, सोमवारी घालायचा.

बागेपर्यंत चालायला त्या येईनात. म्हणायच्या, सविताला एकटं कसं टाकू? जमिनीवरून उठताना आता त्या मशिनच्या पायाला धरायच्या. आम्हाला वीस वेळा हात न टेकता उठवणारी बाई! सविता एक दिवस नळावर हळूच म्हणाली, "मॅडम, आत्याबाई दोन घास खाऊन ताट सारतात. म्हणतात, पोट भरलं. रोज सोडा घालून पाणी पितात. मी काही बोलले तर म्हणतात, तू तुझं बघ." मी म्हटलं, बघू. आणि पुन्हा बघू म्हणूनच राहिलं.

मग संक्रांत आली. संध्याकाळी हळदीकुंकवाला गेले. द्वारकाताईंनी तीळगूळ द्यायला हात पुढं केला आणि बाही कोपराकडून वर सरकत पार खांद्याशी गेली. दंड केवढासा दिसला! बाहीच्या आतल्या बाजूला एकीखाली एक शिलाईच्या तीन ओळी होत्या, बाही तीनदा आत घेतलेली. मी तीळगूळ घेतला, पण गोड बोलायला तोंडच उघडेना. रात्रभर मला त्या तीन ओळी दिसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि सरळ त्यांच्या ओसरीवर गेले. सविता आत पडली होती. भानुदासदादा बागेत.

"ताई, टेप कुठंय?"

"काहून?"

"तुमचं माप घेते."

"बया! तुमी कवापासून मापं घ्यायला लागल्या?" त्या हसल्या. टाचण्या तोंडात होत्या.

"उठा. भिंतीशी उभ्या राहा."

माझा आवाज वर्गातला लागला असावा. त्या मशिनला धरून उठल्या आणि खरंच भिंतीशी उभ्या राहिल्या. मी पदर बाजूला केला. त्यांनीच शिकवलेलं, त्यांच्यावरच करायचं होतं. अंगठा आणि बोट पोटाला लावलं आणि धरायला बघितलं. कातडं ताणलेलं, गच्च. काहीच हातात आलं नाही. माझी चिमटी रिकामीच मिटली.

मी वर बघितलं. त्या टाचण्या काढत होत्या.

"मला ठाऊक हाय मॅडम," त्या म्हणाल्या. "पोळ्यापासून ठाऊक हाय."

त्यांनी मशिनचा खण ओढला. बॉबिन, खडू, बटणं बाजूला सारून खालून एक पुडकं काढलं. त्यात पाच नाड्या होत्या. त्यांनी त्या मशिनच्या फळीवर शेजारी शेजारी अंथरल्या, मागच्या टाक्याची जागा एका रेषेत लावून. प्रत्येकीवर एक गाठ. पहिलीची जवळ, दुसरीची त्याच्या पुढं, तिसरीची आणखी पुढं. पाचवीची तर फळी संपून खाली लोंबत होती. लोकांना दाखवायची खोटी, पण या खणातल्या खऱ्या. दर बाजाराला आम्ही गेल्यावर त्या आत जाऊन स्वतःचं माप बराबर घेत होत्या.

मला रडू फुटलं, आणि रागही तेवढाच आला. "हौसाला दुसऱ्या दिवशी एसटीत कोंबलंत तुम्ही! आणि स्वतः खणात नाड्या लपवून बसलात? पाच महिने?"

"सविताचं मोकळं होऊ द्या म्हणलं आधी. मी गेले दवाखान्यात तर हिचं कोण करल?"

"हे एक झालं. आणि नाडी खोटी काहून दाखवली?"

त्या बराच वेळ फळीवरच्या नाड्या सारख्या करत राहिल्या.

"तुमीच म्हणल्या ना दाखवा," त्या हळू म्हणाल्या. "चौदाजणी बघून राह्यल्या व्हत्या. माझीच आत गेली म्हणल्यावर कोणी ऐकलं असतं का पुन्यांदा? शेवंता दुसऱ्या दिवशी लिंबूपाण्यावर गेली असती. एकदा खोटी दाखवली, मंग पुढच्या बाजाराला खरी कशी दाखवायची?" मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "अन् भ्या वाटलं, मॅडम. माझी माय अशीच गेल्ती. लोकं म्हणायचे पाळी गेल्याचं पोट हाय. मला वाटलं, मी नाव घेतलं न्हाई तर ते काही दिवस तरी माझं न्हाई व्हनार."

मी त्यांना धरून तिथंच बसले. माफी मागायला गेले तर त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्या हाताला वजनच नव्हतं.

संध्याकाळी मी भानुदासदादांना सांगितलं. तो मोठा माणूस ओसरीच्या पायरीवर मटकन बसला. "मला म्हणली व्हती, वयाचं पोट हाय," एवढंच दोनदा म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जालन्याच्या दवाखान्यात होतो. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला चांगल्या. त्यांनी आधी मला नि दादांना बाहेर बोलवायला बघितलं, पण द्वारकाताई म्हणाल्या, माझं माप मला सांगा.

"आत गाठ आहे मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि पोटात पाणी झालंय. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. लवकर."

द्वारकाताईंनी मान हलवली. मग विचारलं, "किती बोटं आत?"

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.

संभाजीनगरची तारीख चार दिवसांनंतरची मिळाली. त्या चार दिवसांत सविता मोकळी झाली. मुलगी झाली. आणून द्वारकाताईंच्या जवळ दिली, तर मांडीवर ठेवायला जागाच नव्हती. त्यांनी ती आपल्या दंडावर घेतली, तर मला त्या दंडाचीच काळजी वाटली. पोरीचे पाय त्यांच्या पोटावर टेकले. त्या म्हणाल्या, "आत्तापासून हिला सांगा, लाजायचं न्हाई म्हणावं." मग सविताकडं दिली.

संभाजीनगरला गेल्या त्या तीर्थपुरीला परत आल्या नाहीत. ऑपरेशन झालं, उशीर झालाय म्हणाले, पुढचं सगळं झालं, आणि उन्हाळा लागायच्या आत संपलं. मी तिकडं दोनदा गेले होते, पण ते काही मी सांगणार नाही. तिथं नळ्यांत पडलेली बाई द्वारकाताई नव्हती. मी त्यांना शेवटचं बघितलं असं म्हणते ते निघायच्या दिवसाचं.

गाडी दारात लागली होती. गल्लीत आमच्या सगळ्याजणी उभ्या होत्या, कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या हातात बिस्किटं. शेवंता पदर तोंडात धरून रडत होती. द्वारकाताई विटकरी ब्लाउज घालून बाहेर आल्या. पायरीवर थांबल्या. तोंडात टाचण्या नव्हत्या तरी सवयीनं हात ओठांकडं गेला.

"मी तुमाला खोटी नाडी दाखवली व्हती," त्या म्हणाल्या. "दसऱ्याच्या बाजाराला. माझी गाठ तवाच आत गेल्ती. लाजले, भ्याले. तुमी नका भिऊ. चालायचं बंद करू नका, अन् शेवंते, तू गुमान जेवत जा. पण नाडी आखूड अन् बाही ढिली झाली की माझ्यासारखं खणात ठेवू नका. ओरडून सांगा."

हौसा पुढं होऊन पायाला लागायला गेली, तर त्यांनी तिला अडवलं. मग मला हात केला, "मॅडम, इकडं या." मला दाराच्या आत ओढून त्या म्हणाल्या, "दाखवा."

मी पदर सारला आणि नाडी ओढली. त्या सगळ्या धावपळीत माझी गाठ एक बोट आत गेली होती. त्यांनी माझ्या पोटाला अंगठा नि बोट लावलं आणि चिमटीत धरलं. चांगलं दुखेपर्यंत धरलं. मग बाहीत बोटं घातली. माझी बाही घट्ट होती.

"येतंय चिमटीत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांच्याच पोटाचा निकाल आला. "चरबीच हाय, मॅडम. भरपूर हाय. बिलकुल घाबरू नका. उद्यापासून बागंपर्यंत."

भानुदासदादांनी त्यांना गाडीत बसवलं. गाडी वळायला मागंपुढं झाली, मग गल्लीतून निघाली. आम्ही मागं चार पावलं गेलो. नळाच्या वळणाशी गाडी हळू झाली आणि खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. बाही सरकून पार खांद्याशी गेली होती, तीन शिलायांसकट. मला वाटलं त्या हात हलवतायत. पण त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून हवेत चिमटी केली, घट्ट, आणि वळण संपेपर्यंत तशीच धरून ठेवली. मागं वळून बघितलं तर आमच्या सगळ्यांचे हात आपापल्या पोटाशी गेले होते.